लोकसंख्या म्हणजे मतदारसंख्या नव्हे

महोदय,

अमेरिकेतील निवडणुकांच्या बातम्यांत एखाद्या काउंटीची (राज्यातील जिल्ह्यासारख्या विभागाची) लोकसंख्या सांगून तिथे झालेल्या मतदानाशी तिची तुलना केली जाते. टेक्सासपुरते तरी हे गणित फसवे आहे. तेथील २५४ काउंट्यांपैकी हॅरिसमध्ये २०२०च्या जनगणनेत ४७ लाखांहून अधिक, तर लव्हिंगमध्ये अवघी ६४ माणसे मोजली गेली, हे सहज नजरेत भरते. मात्र त्या माणसांपैकी अठरा वर्षांवरील नागरिक किती, याचे प्रमाणही काउंटीगणिक बदलते, हे ध्यानात येत नाही.

डॅलसच्या उत्तरेकडील कॉलिन काउंटीची लोकसंख्या २०१० ते २०२० या दशकात ७.८२ लाखांवरून १०.६४ लाखांवर गेली, आणि या वाढीत भारतीय कुटुंबांचा वाटा मोठा आहे. माझी मुलगी तिथेच एच-१बी या नोकरीसाठीच्या तात्पुरत्या व्हिसावर राहते. तिच्या चौघांच्या घरात नागरिक दोन, तेही शाळकरी. म्हणजे मतदार एकही नाही. ग्रीन कार्डांत, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्यांत, कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची रांग लांबलचक, आणि कार्ड मिळाल्यावरही नागरिकत्वासाठी सर्वसाधारणपणे पाच वर्षे थांबावे लागते. वॉकर काउंटीत कारण निराळे: हंट्सव्हिलच्या तुरुंगांतील कैदी तिथलेच रहिवासी म्हणून मोजले जातात, त्यामुळे प्रौढ नागरिकांच्या आकड्यात ते येतात, पण गंभीर गुन्ह्याची शिक्षा भोगून होईपर्यंत त्यांना मत देता येत नाही.

दशवार्षिक जनगणनेत नागरिकत्व विचारले जात नाही. २०२०साठी तो प्रश्न घालण्याचा प्रयत्न सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९च्या निकालानंतर बारगळला. म्हणून प्रौढ नागरिकांचे हे आकडे पाच वर्षांच्या नमुना पाहणीतून काढलेले अंदाज असतात, आणि लव्हिंगसारख्या चिमुकल्या काउंटीत ते फार जपूनच वापरावेत.

टेक्सास सिनेटचे (राज्य विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहाचे) मतदारसंघ एकूण लोकसंख्येनुसार आखल्याने पात्र मतदारांच्या संख्येत ४० टक्क्यांहून अधिक तफावत पडते, अशी तक्रार ‘एव्हनवेल विरुद्ध अ‍ॅबट’ खटल्यात होती. न्यायालयाने २०१६मध्ये ती एकमताने फेटाळली, आणि माझ्या मते ते योग्यच झाले, कारण शाळा आणि रस्ते मत नसलेल्यांनाही लागतातच. मतदानाची टक्केवारी काढताना मात्र भागाकार कोणत्या संख्येने केला, एवढे वृत्तपत्रांनी छापावे.

थोरली नात अठराची झाली, की त्या घरातले पहिले मत पडेल; तोवर तिच्या आईवडिलांची रांग कुठवर सरकली असेल, सांगता येत नाही.

— एक वाचक, पुणे