हाताला सोसेल असं गटिंग: विनयला पत्र

प्रिय विनय,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचून आनंद झाला आणि काळजीही वाटली. या वयात तू नव्याने टेनिस शिकायला लागलास आणि त्यात रमलास, याचा आनंद. काळजी तुझ्या हाताची. बॅकहँड मारला की कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ येते आणि दुसऱ्या दिवशी पाण्याने भरलेली बाटली उचलतानाही हात दुखतो, हे तू नीट लिहिलंस. पण सकाळी बोटांचे सांधे आखडलेले असतात, हे मात्र एका ओळीत उरकून पुढे गेलास. मी त्या ओळीपाशीच अडलो.

रॅकेटला कोणती तार घालायची आणि किती ताणायची, म्हणजे गटिंगचं, तू विचारलंस ते सगळं सांगतोच, पण आधी डॉक्टरांना दाखव. कोपर आणि बोटं यांचं दुखणं एकच असेल असं नाही. मनगट मागे उचलणाऱ्या स्नायूंचे टेंडन कोपराच्या बाहेरच्या हाडाला येऊन चिकटतात. तिथे ताण साचला की त्याला टेनिस एल्बो म्हणतात. नाव टेनिसचं असलं तरी हा त्रास होणाऱ्या बहुतेकांनी कधी रॅकेट हातात धरलेली नसते. टेंडन सावकाश भरतं, त्याला महिने लागतात, पण बहुतेकांचं ऑपरेशनशिवाय बरं होतं. बोटांचं वेगळं आहे. सकाळचं आखडणं अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल, सांधे सुजत किंवा गरम लागत असतील, तर तो संधिवाताचा प्रकार असू शकतो आणि त्याची तपासणी लवकर झालेली बरी. हाताला मुंग्या येत असतील तर तेही डॉक्टरांना सांग. रॅकेटची तार कितीही मऊ घातली तरी यातलं काही बरं होणार नाही. दुखऱ्या हातावर पडणारा भार तेवढा ती कमी करते.

आता तुझ्या रॅकेटकडे येतो. दुकानदाराने 'सगळे मोठे खेळाडू हीच वापरतात, तुटत नाही' असं सांगून तुला पॉलिएस्टरची तार घातली आणि ती ५६ पौंडांवर ताणली. विनय, ती कापून टाक. तार नवी आहे, अजून तुटलेली नाही, मग कशाला वाया घालवायची, असा विचार मनात आणू नकोस. नवशिक्याच्या रॅकेटमधली पॉलिएस्टर वर्षभरही तुटत नाही, आणि अडचण तिथेच आहे. तुटत नाही म्हणून माणूस ती बदलत नाही. तार मात्र कधीच मेलेली असते. ताण उतरलेला, लवचिकपणा गेलेला, तरी फ्रेमवर तशीच बसलेली. अशा तारेने खेळणं हे दुखऱ्या कोपरासाठी सगळ्यात वाईट.

ही तार मोठ्या खेळाडूंना का आवडते, तेही ऐक. १९९७ साली ब्राझीलचा गुस्तावो कुएर्तेन लक्सिलॉन कंपनीची पॉलिएस्टर तार घेऊन फ्रेंच ओपन जिंकला आणि त्यानंतर व्यावसायिक टेनिसमध्ये तिचा प्रसार झपाट्याने झाला. ही तार गुळगुळीत आणि ताठ असते. खेळाडूने चेंडूवर खालून वर जोरात रॅकेट फिरवली की उभ्या तारा बाजूला सरकतात आणि चेंडू सुटायच्या आत झटकन जागेवर येतात. त्यातून चेंडूला पुढच्या दिशेने जबरदस्त फिरकी, म्हणजे टॉपस्पिन, मिळतो. पण तारा तशा सरकायला रॅकेटचा वेग तेवढा हवा. तुझा स्विंग अजून बसतोय. म्हणजे फायदा तुझ्या वाट्याला येत नाही आणि ताठपणा मात्र पुरा येतो. शिवाय त्या खेळाडूंच्या रॅकेट जवळजवळ प्रत्येक सामन्याला नव्याने गट केलेल्या असतात आणि दिमतीला फिजिओ असतो.

ताठपणाने नेमकं होतं काय? चेंडू तारांवर टेकतो तो जेमतेम ४ ते ५ मिलिसेकंद. तेवढ्यात त्याचा वेग शून्यावर यायचा आणि उलटा फिरायचा. तारा जास्त दबल्या तर हे काम थोड्या जास्त वेळात आणि जास्त अंतरात होतं, त्यामुळे धक्क्याचा कळस खाली येतो. क्रिकेटमध्ये झेल घेताना आपण हात मागे घेतो तेच हे. तारा ताठ असल्या तर हात मागे न घेताच झेल घेतल्यासारखं होतं, आणि उरलेला धक्का फ्रेममधून मनगटात आणि मनगटातून कोपरात जातो.

गटिंगवाल्याकडून पॉलिएस्टर आणि मल्टिफिलामेंट (अनेक तंतूंची मऊ तार) अशा दोन तारांचे कापलेले तुकडे मागून घे आणि एकदा हातात धरून बघ. पॉलिएस्टरचा तुकडा एकसंध असतो, बारीक प्लॅस्टिकच्या कांबीसारखा. वाकवला की विरोध करतो. मल्टिफिलामेंटचा तुकडा घेऊन त्याचं टोक नखाने चोळ. त्याचे केसाहून बारीक तंतू सुटे होऊन फुलतात. शेकडो, कधी हजाराहून जास्त तंतू पिळून पॉलियुरेथेनसारख्या मऊ पदार्थात बसवलेले असतात. दाबल्यावर हे सगळे तंतू मिळून थोडं थोडं देतात. हे एकदा बोटांना कळलं की मी काय म्हणतोय ते आपोआप पटेल.

म्हणून माझं सांगणं सरळ आहे: पूर्ण रॅकेटला मल्टिफिलामेंट घाल. टेक्निफायबरची एनआरजी२ किंवा एक्स-वन बायफेज, विल्सनची एनएक्सटी, हेडची व्हेलॉसिटी, यातली मिळेल ती घे. यांच्यात फरक आहेत, पण तुझ्या पातळीवर ते जाणवणार नाहीत, तेव्हा त्यावर रात्री जागून वाचत बसू नकोस. जाडी १.३० मिलिमीटर घे. १.२५ थोडी जास्त मऊ लागते, पण लवकर तुटते.

यातलं काहीच मिळालं नाही तर साधी नायलॉनची सिंथेटिक गट घे. तिच्यात मधे एक भरीव गाभा आणि वर बारीक तंतूंचं वेष्टण असतं. मल्टिफिलामेंटइतकी मऊ नाही, पण पॉलिएस्टरपेक्षा हाताला कितीतरी बरी आणि सगळ्यांत स्वस्त. कमी ताणावर घातली तर नवशिक्याचं तिच्यावर उत्तम भागतं.

नॅचरल गटबद्दल तू मुद्दाम विचारलं आहेस. हाताला तिच्याइतकी सोसणारी तार दुसरी नाही. ती गाईच्या आतड्याच्या आवरणापासून बनते. फ्रान्समधल्या लियॉनमध्ये बाबोलात कंपनीने १८७५ साली टेनिससाठी ती बनवली आणि आजही तिचा लवचिकपणा कृत्रिम तारेत पूर्ण उतरलेला नाही. ताणही ती सगळ्यांत जास्त दिवस धरून ठेवते. पण ती महाग आहे, ओलाव्याने खराब होते, आणि ज्याचा चेंडू वरचेवर फ्रेमजवळ लागतो त्याच्या हातात लवकर तुटते. प्राण्यापासून बनलेली वस्तू वापरायची की नाही, हा प्रश्न तुझा तू सोडव. चेंडू बहुतेक वेळा मधोमध लागायला लागला आणि तरीही हात कुरकुरत असेल, तर तेव्हा तिचा विचार करू. फेडररसारखं उभ्या तारा नॅचरल गटच्या आणि आडव्या पॉलिएस्टरच्या, हे हायब्रिड प्रकरण तुला कोणी सुचवलं तर नम्रपणे नाही म्हण. तुझ्या रॅकेटमध्ये सध्या पॉलिएस्टरची एकही तार नको.

ताणाचं मात्र नीट लक्ष देऊन वाच, कारण तारेच्या निवडीइतकंच ते महत्त्वाचं आहे आणि गटिंगवाले इथे घाई करतात. फ्रेमवर आतल्या बाजूला ताणाची मर्यादा छापलेली असते, समजा ५० ते ६० पौंड. तुला न विचारता मधला आकडा लावला जातो. तू स्वतःहून ४८ सांग. म्हणजे साधारण २१.८ किलो. छापलेल्या मर्यादेच्या दोन-चार पौंड खाली गेल्याने फ्रेमला काही होत नाही. समोरचा म्हणेल, 'एवढ्या ढिल्या गटिंगवर कंट्रोल राहणार नाही.' त्यात तथ्य आहे. ताण कमी केला की चेंडू थोडा लांब पडतो, पहिल्या आठवड्यात काही फटके बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेच्या, बाहेर जातील. पण त्याचा दुसरा अर्थ असा की तोच चेंडू पलीकडे पोचवायला तुला कमी जोर लावावा लागेल, आणि दुखऱ्या हाताला हेच हवं आहे. अंदाज बसेपर्यंत ताण वाढवून घेऊ नकोस. पुढे बदल करायचाच झाला तर दोन-दोन पौंडांनी कर, एका पौंडाचा फरक हाताला फारसा कळत नाही.

जुनी तार कापताना गटिंगवाल्याला एकाच बाजूने कापत जाऊ देऊ नकोस. मधोमध सुरुवात करून एक उभी, एक आडवी असं बाहेरच्या दिशेने कापत जायचं. नाहीतर फ्रेमवर एकाच बाजूचा ताण उरतो आणि ती वाकू शकते. एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. काही आठवड्यांनी मल्टिफिलामेंटवर पांढरे तंतू सुटलेले दिसतील, तार कुसकरल्यासारखी वाटेल. घाबरू नकोस, ती अशीच झिजते. उभ्या तारांवर खोल खाचा पडल्या किंवा चेंडूचा आवाज बोदा यायला लागला की बदल. आठवड्यातून जितक्या वेळा खेळतो तितक्या वेळा वर्षातून गटिंग, असा जुना हिशेब आहे. तू दोनदाच खेळत असलास तरी निदान चार महिन्यांनी बदल, कारण ताण न खेळताही उतरतो.

तारांमध्ये बसवायचं ते छोटं रबर, डॅम्पनर, तू घेतलंस म्हणतोस. राहू दे, आवाज छान येतो. पण त्याने कोपराला आराम पडेल अशी आशा धरू नकोस. तारांचं कंपन सेकंदाला पाचशेच्या आसपास असतं, ते हे रबर थांबवतं. हाताला त्रास देणारं फ्रेमचं कंपन त्याहून बरंच संथ असतं आणि काही ग्रॅमच्या रबराला ते आवरत नाही.

रॅकेटबद्दल थोडक्यात. हलकी रॅकेट हाताला बरी, हा समज सोड. फार हलकी रॅकेट धक्का पचवत नाही, तो तुझ्याकडे ढकलते. २९० ते ३०० ग्रॅमची, मऊ फ्रेमची रॅकेट चांगली. फ्रेमच्या ताठपणाचा आरए नावाचा आकडा असतो. तो ६५ च्या खाली असेल तर बरं, ७० च्या वर असेल तर नको. रॅकेटची मूठ बारीक असेल तर बोटं आवळावी लागतात. रॅकेट धरल्यावर बोटांची टोकं आणि तळवा यांच्यात दुसऱ्या हाताचं एक बोट मावलं पाहिजे. मावत नसेल तर मुठीवर एक ओव्हरग्रिप, म्हणजे गुंडाळायची पट्टी, चढव. तुझे बोटांचे सांधे दुखतात, त्यामुळे हे तारेइतकंच मनावर घे. आणि दोन फटक्यांच्या मधे हाताची पकड सैल सोडायची सवय लाव.

चेंडूही बघ. आत हवेचा जादा दाब नसलेले, वर्षानुवर्षं टिकणारे चेंडू सरावाला वापरत असशील तर ते बंद कर, हाताला ते जड लागतात. ओले चेंडूही नकोत. शिकवणाऱ्यांकडे हिरव्या ठिपक्याचे चेंडू माग, ते नेहमीच्या चेंडूपेक्षा २५ टक्के संथ असतात. लहान मुलांचे म्हणून संकोच करू नकोस. चेंडू संथ आला की तू वेळेवर पोचशील आणि तो शरीराच्या पुढे मारशील. उशिरा, मनगट वाकवून मारलेला एकहाती बॅकहँड कोपराला सगळ्यांत जास्त छळतो. दोन हातांचा बॅकहँड शिकवायला सांग. पहिले काही दिवस अवघड वाटेल, पण भार दोन हातांत वाटला जातो.

कळ येत असेल त्या दिवशी खेळू नकोस, हे मी तुला हक्काने सांगतोय. गटिंग बदलल्यावरही पहिल्यांदा अर्धा तासच खेळ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हात कसा आहे ते बघ. खेळताना दुखलं नाही, यावर विश्वास ठेवू नकोस. टेंडन उत्तर उशिरा देतं.

फ्रेमच्या आत छापलेले सगळे आकडे मला लिहून पाठव: रॅकेटच्या तोंडाचा आकार, उभ्या-आडव्या तारा १६ बाय १९ आहेत की १८ बाय २०, ताणाची मर्यादा आणि वजन. १८ बाय २० निघाली तर तारा दाट असतात आणि पृष्ठभाग आणखी ताठ लागतो, मग ४८ ऐवजी ४६ वर जाऊ. आणि डॉक्टर बोटांबद्दल काय म्हणाले ते आधी कळव, रॅकेटचं मागाहून आलं तरी चालेल.

तुझा,
नंदू