केबलचा ‘एमएम’ आणि केबलची जाडी

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

विहिरीवर किंवा बोअरवर मोटर बसवणारा आमच्या भागातला शेतकरी दुकानात जाऊन ‘चार एमएमची केबल द्या’ म्हणतो, दुकानदारही बिलावर ‘चार एमएम’ एवढेच लिहितो, आणि हे चार म्हणजे नेमके कशाचे चार, असा प्रश्न दोघांपैकी कोणालाच पडत नाही. तो आकडा केबलच्या जाडीचा नसतो आणि आतल्या तारेच्या व्यासाचाही नसतो. एका कोअरमधल्या, म्हणजे केबलच्या आतल्या आवरण चढवलेल्या एका तारेतल्या, तांब्याचा छेद घेतला तर त्याचे जे क्षेत्रफळ येते, त्याचा तो चौरस मिलिमीटरमधला आकडा असतो. बोलता बोलता ‘चौरस’ तेवढे गळून गेले. मी बरीच वर्षे आयटीआयमध्ये वीजतंत्री व्यवसायाचा शिल्पनिदेशक होतो आणि हा फरक दरवर्षी फळ्यावर लिहीत आलो. तरीही तो माझ्याच वावरात नडला, म्हणून हे पत्र.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या संत्र्याच्या बागेतल्या बोअरवर साडेसात एचपीचा सबमर्सिबल पंप सोडला. मोटर आधी कमी दाबावर सुरू करून मग पूर्ण दाबावर नेणारा स्टार-डेल्टा स्टार्टर असला की पंपाकडे तीन कोअरच्या दोन चपट्या केबली न्याव्या लागतात. आमचा स्टार्टर पांदणीच्या, म्हणजे शेतरस्त्याच्या, अलीकडे आणि बोअर पलीकडे आहे. पुतण्याने हिशेब केला की चार आणि चार आठ, तेव्हा पंचवीसच्या पाइपमधून दोन्ही केबली आरामात जातील. त्याने पांदण खोदून चाळीस फूट पाइप गाडला आणि वर मुरूम टाकून धुमसही केला. मी त्या दिवशी मोर्शीला लग्नात होतो. दुसऱ्या दिवशी ओढायला घेतले तेव्हा पहिली केबल गेली आणि दुसरी निम्म्यात अडकली. चौघांनी मिळून ती मागे खेचली, तर बाहेरच्या आवरणावर दोन हात लांबीचा ओरखडा उमटलेला. मी व्हर्नियर (जबड्यात धरून बारीक माप घेण्याचे साधन) लावून पाहिले. प्रत्येक केबल सुमारे १५ मिमी रुंद आणि साडेसहा मिमी जाड भरली. ‘‘काकाजी, बिलावर तं चारच एमएम लिवलं हाये,’’ पुतण्या म्हणाला. बिल खरे होते आणि केबलही खरीच होती. घरच्या पोराला हे सांगायचे राहिले, हा दोष मात्र माझा.

पंचवीसचा म्हणून मिळणारा पाइपही बाहेरून पंचवीस असतो. आमचा आतून २१ मिमी निघाला, म्हणजे आतले क्षेत्रफळ सुमारे ३४६ चौरस मिमी. दोन केबलींनीच त्यातले १९५ व्यापले. पाइपच्या आतल्या जागेपैकी ४० टक्क्यांहून जास्त जागा केबलींनी व्यापू नये, असा वायरिंगमधला ढोबळ नियम आहे आणि इथे तर निम्म्याहून अधिक जागा भरली होती. पांदण पुन्हा खोदून ३२ चा पाइप टाकला तेव्हा त्याच केबली दोघांनी हाताने ओढल्या.

चाराची केबल बाहेरून एवढी कशी होते, ते पाहू. ०.३ मिमीच्या ५६ बारीक तारा एकत्र केल्या की जवळपास चार चौरस मिमी तांबे होते. तारांमधल्या फटी धरून या जुडीचा व्यास २.६ मिमीच्या आसपास येतो. तिच्यावर चोहोबाजूंनी ०.८ मिमीचे पीव्हीसीचे आवरण चढवले की एक कोअर ४.२ मिमीची होते. असे तीन कोअर गोल केबलीत एकमेकांना टेकून बसले की त्यांच्याभोवतीच्या वर्तुळाचा व्यास एका कोअरच्या सुमारे २.१५ पट, म्हणजे ९ मिमी भरतो. त्यावर बाहेरचे कवच चढले की अकरा-साडेअकरा. चपट्या केबलीत हेच तीन कोअर शेजारी शेजारी असल्यामुळे तिला व्यास नसतोच. तिची रुंदी आणि जाडी अशी दोन मापे विचारावी लागतात.

बाहेरच्या मापाचे काम पाइपपुरतेच नाही. स्टार्टरच्या पेटीत केबल शिरते तिथे ती घट्ट धरणारे ग्लँड त्याच मापावर निवडतात. ते सैल राहिले की पावसाचे पाणी, मुंगळे आणि पाल यांना आत वाट मिळते, आणि चिकटलेल्या पालीमुळे स्टार्टर जळाल्याचे आमच्याकडे कोणीही सांगेल. साडेसहा इंची बोअर म्हणजे १६५ मिमी. त्यात सहा इंचीचा पंप उतरला की दोन्ही बाजूंची मिळून जेमतेम दीड-दोन सेंटीमीटर जागा उरते, आणि केबलला त्यातूनच खाली जायचे असते.

आता दुसरी बाजू, जी मला जास्त चिंतेची वाटते. बोटांनी चाचपून ‘चांगली जाड आहे’ म्हणत केबल घेणारे पुष्कळ आहेत आणि ही सवय हलका माल विकणाऱ्याला चांगली ठाऊक आहे. अडीच चौरस मिमीची सलग तार १.७८ मिमी व्यासाची असते आणि दीडची १.३८ मिमीची. फरक अवघा ०.४ मिमी. पहिलीवर ०.८ मिमीचे आवरण चढवले तर कोअर ३.३८ मिमीची होते, आणि दुसरीवर १ मिमीचे चढवले तर तीही ३.३८ मिमीचीच होते. बोटाला आणि डोळ्याला दोन्ही सारख्या. तांब्यापेक्षा प्लास्टिक कितीतरी स्वस्त असल्यामुळे ०.२ मिमीच्या या जादा थरात बराच नफा लपतो. पाच एचपीची मोटर ८ अँपिअर घेते आणि केबल २०० मीटर आहे असे धरले, तर अडीचच्या केबलमध्ये सुमारे १९ व्होल्ट गळतात आणि दीडच्या केबलमध्ये ३१. डीपीवरच (गावच्या रोहित्रावरच) दाब कमी असताना वरचे हे बारा व्होल्ट मोटरच्या वाइंडिंगला भोवतात. मोटर जळते, शेतकरी मोटरच्या कंपनीला शिव्या देतो आणि केबल तशीच जागेवर राहते.

तांबे किती आहे ते पाहायचे असेल तर फूटभर तुकडा घ्यावा, एका कोअरवरचे आवरण पूर्ण सोलावे आणि आतली तार गावातल्या सोनाराच्या काट्यावर ठेवावी. अडीच चौरस मिमी तांब्याची फूटभर तार पावणेसात ग्रॅमच्या आसपास भरते, दीडची चार ग्रॅम. मात्र सहा-सव्वासहा भरले म्हणून भांडायला जाऊ नये. भारतीय मानक ८१३० मध्ये तारेची कसोटी विद्युतरोधावर लावली आहे. अडीचच्या लवचिक तांब्याच्या तारेचा रोध २० अंश सेल्सिअसला दर किलोमीटरला ७.९८ ओहमपेक्षा जास्त नसावा, एवढीच अट असल्यामुळे चांगले उत्पादकही थोडे तांबे वाचवतात आणि ते नियमात बसते. साडेचार भरले तर मात्र दुकानात परत जावे.

बाहेरचे माप घेण्यासाठी व्हर्नियर हवेच असे नाही. केबलभोवती दोरा एकदा न ताणता गुंडाळावा, जिथे टोक जुळते तिथे खूण करावी, दोरा पट्टीवर मोजावा आणि ३.१४ ने भागावे. ३५ मिमी दोरा लागला तर व्यास सुमारे ११ मिमी. व्हर्नियर असेल तर जबडे दाबू नयेत, कारण मे महिन्यात उन्हात पडलेले पीव्हीसी मऊ होते आणि दाबले की माप कमी दिसते. गोल केबलही अगदी गोल नसते, म्हणून काटकोनात दोन मापे घेऊन सरासरी काढावी.

केबलच्या अंगावर छापलेला आयएसआय शिक्का आणि त्याखालचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपवर टाकून तपासता येतो. आपल्या दैनिकाच्या शेतीविषयक पानावर दीड, अडीच, चार आणि सहा चौरस मिमीच्या केबलींची अंदाजे बाहेरची मापे, गोल आणि चपटी वेगळी दाखवून, हंगामापूर्वी एकदा छापावीत, अशी विनंती आहे. दुकानदार बंधूंनाही माझे सांगणे आहे की बिलावर ‘एमएम’ न लिहिता ‘चौरस मिमी’ लिहावे आणि शेजारी बाहेरचे माप टाकावे. त्यासाठी वेगळे काही करावे लागणार नाही, कारण उत्पादकाच्या माहितीपत्रकात दोन्ही आकडे दिलेले असतात.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक (वीजतंत्री)
तालुका वरुड, जि. अमरावती