आडनाव वडिलांचे, पुरावा आजीचा

संपादक महोदय,

बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, कुटुंबांच्या इस्रायलमधील स्थलांतराविषयी आपल्या दैनिकात नुकत्याच आलेल्या लेखात रब्बीपद, घराण्याची वंशावळ आणि इस्रायलचे नागरिकत्व यांची सरमिसळ झाली आहे. ठाण्यातील याच समाजाची एक सदस्य म्हणून त्याविषयी लिहीत आहे.

रब्बीपद, म्हणजे ज्यू धर्मगुरूचे पद, वारशाने मिळत नाही. धर्मशास्त्राचे अध्ययन पुरे केलेल्याला ज्येष्ठ रब्बींकडून जी मान्यता मिळते, ती सेमिखा. मोशेने आपला उत्तराधिकारी यहोशवा याच्यावर हात ठेवले तेथपासून सांगितली जाणारी तिची मूळ साखळी प्राचीन काळीच तुटली आणि १५३८ मध्ये गॅलिलीतील सफेद या गावी रब्बी याकोब बेराब यांनी ती पुन्हा जोडण्याचा केलेला प्रयत्न जेरुसलेमच्या रब्बींच्या विरोधामुळे तडीस गेला नाही. वंशाने चालते ते कोहेनपण, म्हणजे पुरोहितपण. आमच्या कोकणातल्या समाजात तर पिढ्यान्‌पिढ्या सेमिखा घेतलेला रब्बीच नव्हता. प्रार्थना हझान (प्रार्थना म्हणणारे) चालवीत, तंटे मुकादम मिटवीत.

नेमके हेच पुढे नडले. १९५० च्या परतीच्या कायद्याने ज्यूंना इस्रायलमध्ये येऊन राहण्याचा हक्क दिला खरा, पण तेथील ज्यूंचे विवाह रब्बींच्या धर्मपीठाच्या हाती असल्याने, आमच्याकडचे जुने घटस्फोट आणि पुनर्विवाह शास्त्राला धरून होते का, अशी शंका काढली गेली आणि साठच्या दशकाच्या आरंभी बेने इस्रायली वधूवरांच्या मागच्या पिढ्या तपासण्याचे आदेश निघाले. १९६४ मध्ये आमच्या लोकांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले, तेव्हा कुठे पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारने आणि संसदेने हे लोक सर्वार्थाने ज्यू असल्याचे स्पष्ट केले.

आजची अडचण त्याहून घरगुती आहे. पेणकर, रोहेकर, दिवेकर ही गाव सांगणारी आडनावे बापाकडून येतात, धर्मशास्त्र मात्र ज्यूपण आईकडून मोजते, म्हणून आई, आजी, पणजी विचारते. आणि लग्नात आडनावाबरोबर कधी कधी नावही बदललेल्या पणजीचा माग लागलाच, तर तो घडीवर विरलेल्या केतुब्यात (विवाहाच्या करारपत्रात) किंवा हिब्रू आणि मराठी अक्षरे कोरलेल्या थडग्यावर. १९७० च्या दुरुस्तीने ज्यूंच्या नातवंडांनाही तेथे जाता येते, परंतु हा हक्क सरकारने दिलेला. तेथे लग्न करायचे तर धर्मपीठाचे समाधान वेगळे करावे लागते. शिवाय स्थलांतराच्या अर्जासोबत रब्बीचे पत्र मागतात, तेही ज्यांना रब्बीच नव्हते त्यांच्याकडून!

म्हणून लेखात सुचविल्याप्रमाणे घराण्यांचे शोभिवंत वंशवृक्ष छापण्यापेक्षा, १८७९ पासून उभ्या असलेल्या आपल्या शआर हाशामायिम सिनेगॉगच्या विश्वस्तांनी समाजाकडील जुन्या विवाहनोंदी आणि घराघरांतले केतुबे यांच्या प्रती करून घ्याव्यात, असे सुचवावेसे वाटते. कब्रस्तानातील थडग्यांची छायाचित्रे मात्र येत्या पावसाळ्याआधीच काढून व्हावीत, आणि त्यांच्या यादीत स्त्रियांची माहेरची नावे न चुकता लिहावीत.

– एक वाचक, ठाणे