शुभे, सरांच्या मशिनी विकायला निघाल्या

नागपूर, शुक्रवार रात्र

प्रिय शुभे,

फोनवर सांगितलं असतं पण फोनवर तू मधात बोलतेस आणि मूळ गोष्ट राहूनच जाते, म्हणून लिहून राह्यली. तब्येती सगळ्यांच्या ठीक, ह्यांची शुगर कंट्रोलमध्ये आहे, माझा गुडघा होता तसाच आहे. झालं.

तर सरांचं महाल भागातलं घर काकूंनी बिल्डरला दिलं. तिथे फ्लॅट स्कीम येणार आणि दिवाळीच्या आत घर खाली करून द्यायचंय. मी जुन्या वस्तू ऑनलाइन विकते हे त्यांना माहीत आहे, म्हणून बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, मंदे, हे सारं तूच लाव कुठंतरी. टायपिंग क्लासच्या हॉलमध्ये गेली तर सगळ्या मशिनी ओळीनं जागच्या जागी, कव्हरं घालून. टायपिंगची सरकारी परीक्षा कॉम्प्युटरवर गेली तेव्हापासून कोणी बसलंच नाही गं त्यांच्यासमोर, तरी दर खंडेनवमीला काकू झेंडूचं फूल ठेवतात प्रत्येकीवर.

गोदरेजची मला काळजी नाही, गोदरेज विकतेच. १९५५ मध्ये पहिली भारतीय बनावटीची टाइपरायटर त्यांनी बनवली आणि २००९ मध्ये बनवणं थांबवलं, मग २०११ मध्ये जगभर बातमी फिरली की टाइपरायटरचा शेवटचा कारखाना बंद झाला. तशी ती खरी नव्हती, बाहेरच्या देशात थोड्याफार बनतच होत्या, पण लोक अजून मला ती बातमी पाठवतात आणि विचारतात, मॅडम, ही शेवटचीच का? कॅफेवाले नेतात, लग्नाचे फोटो काढणारे नेतात, आणि आजकाल पंचविशीतली पोरं पण नेतात, खरोखर टाइप करायला, त्यांचा मला फार आनंद होतो. मद्रासला बनलेली हालदा टाइपरायटर पण गेली, एका वकिलाच्या मुलीनं नेली. एक जण म्हणाला मी फौजेत आहे, पोस्टिंगवर आहे, मी क्यूआर पाठवतो तुम्ही स्कॅन करा, पैसे येतील तुम्हाला. म्हटलं भाऊ, पैसे घ्यायला स्कॅन करावं लागत नाही, द्यायला लागतं, एवढं तर माझ्या सासूबाईंना पण माहीत आहे. ब्लॉकच केलं त्यानं मला!

पण शुभे, गोष्ट आहे रेमिंग्टनची. सरांच्या टेबलाजवळची, खिडकीकडची. तुला बसू दिलं होतं तिच्यावर, मिनिटाला चाळीस शब्दांच्या परीक्षेआधी, मला नाही, आणि हे मी विसरली नाही. आणि 'ज्ञ'ची दांडी तू वाकवली होतीस, मी नाही, सरांनी उगाच दोघींना उभं केलं. परवा कागद लावून पाहिला, 'ज्ञ' अजून ओळीच्या जरा खालीच उठतो. बाकी अक्षर काय सुंदर आहे म्हणून सांगू! रोलर दगडासारखा कडक झालाय, आपल्या उन्हाळ्यात कोणतं रबर टिकतं, पण खाली दोन जास्तीचे कागद घेतले की ठसा नीट येतो. दांड्या पांढऱ्या पेट्रोलनं धुतल्या, तेल अजिबात लावलं नाही. लोक येतात नं तेलाचं कॅन घेऊन आणि सगळीकडे ओततात, मग धूळ बसून दांड्या चिकटून बसतात, मला त्याचा फार राग येतो.

तिच्या की, म्हणजे अक्षरांची बटणं, आठवतात तुला? गोल, चकचकीत कडी, वर काच आणि आत कागदाच्या गोल तुकड्यावर छापलेलं अक्षर. ह्या की हाच सगळा घोळ आहे. फोटो टाकल्याबरोबर बंगळुरूवरून एका बाईचा मेसेज आला, आम्ही जुन्या टाइपरायटरच्या की कापून अंगठ्या, कानातले, पेंडंट करतो, देवनागरी की आम्हाला कधीच मिळत नाहीत, पंचवीस हजार देतो, बॉडी तुम्हीच ठेवा. बॉडी तुम्हीच ठेवा! मी फोन खाली ठेवला आणि बराच वेळ काहीच सुचलं नाही मला. दांडीच्या टोकाशी कटर लावायचा आणि एकेक अक्षर तोडायचं, एवढंच त्यांचं काम. जे अशा जुन्या मशिनी जमवतात ते सगळे ह्या की कापणाऱ्यांवर चिडून असतात, आणि बरोबरच आहे त्यांचं. इंग्रजी रेमिंग्टनची एक की गेली तर जगात कुठून तरी दुसरी मिळते, इतक्या बनल्या त्या. मराठीचा 'क्ष' कुठून आणणार? दुसरी एखादी मराठी मशीन मोडेल तेव्हाच.

आणि त्याच आठवड्यात यवतमाळचा एक मुलगा बोलला. वाचनालयात नोकरी करतो. बारा हजार म्हणाला, दोन हप्त्यांत. पण त्यानं विचारलं काय माहीत आहे? ताई, 'ण'चा काना नीट जुळतो का? शुभे, मला एकदम सर आठवले. तो जो अर्धा 'ण' आणि मग काना, अर्धा 'थ' आणि मग काना, 'ध', 'भ', 'श' सगळे तसेच, आणि काना जरा दूर पडला की सर लाल पेन्सिलनं गोल करायचे. मग तो विचारतो, मात्रा दाबली की कागदाची गाडी जागेवर राहते ना, सरकत तर नाही? आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची हे त्याला माहीत होतं! फोटोवरून किंमत विचारणारे रोज भेटतात, असं विचारणारा मला आजपर्यंत भेटला नव्हता. मी एक पान टाइप करून त्याचा फोटो पाठवला. तो म्हणाला, 'ज्ञ' तसाच राहू द्या ताई, दुरुस्त नका करू. तुझी आठवण आली, काय सांगू.

आता काकूंचं ऐक. मी दोन्ही ऑफर सांगितल्या त्यांना, लपवायचं कशाला, पैसा त्यांचा आहे. त्या म्हणाल्या, मग बंगळुरूला दे, विचारतेस काय. मी म्हटलं काकू, त्या तोडतील. तर म्हणतात, तोडू दे, लोखंड आहे ते. तुम्ही पोरी शिकल्या, नोकऱ्यांना लागल्या, निघून गेल्या, मशिनी माझ्या घरात राह्यल्या, सरांच्या मागे इतकी वर्षं पुसून कोणी ठेवल्या? यावर काय बोलणार मी? खरंच आहे गं. भाड्याच्या घराचं डिपॉझिट भरायचंय त्यांना, पोरगा एक रुपया पाठवत नाही हे त्या बोलत नाहीत पण दिसतं. तेरा हजाराचा फरक त्यांच्यासाठी थोडा नाही. आणि तरी मला वाटते की ती मशीन अख्खी गेली पाहिजे. सगळ्या क्लासला टायपिंग हॉलमधल्या बाकी मशिनींनी शिकवलं, पण सरांनी त्यांचे स्वतःचे अर्ज, काकूंच्या भावाच्या केसचे कागद, तुझ्या नोकरीचा अर्ज, सगळं त्या एकीवरच काढलं ना. ती कोणाच्या कानात लटकताना मी नाही पाहू शकत.

मी असा हिशेब केला की गोदरेजवरचं माझं कमिशन सोडते, फरक जवळपास भरून निघतो. ह्यांना सांगितलं, ते म्हणाले कर, तुझा धंदा तू पाहा. पण काकू हिशेबाच्या पक्क्या, वहीत ओळ ओळ लिहून घेतात, कमिशनची ओळ कोरी दिसली की म्हणतील मंदे, उपकार करून राह्यली का माझ्यावर, आणि मग मशीन तर जाईलच, बोलणं पण बंद होईल. तुला माहीत आहे त्या कशा आहेत, तुझ्या लग्नातल्या साडीवरून वर्षभर बोलल्या नव्हत्या.

बाकी माझं चाललंय. मर्फीचा रेडिओ गेला, अॅग्फा क्लिक थ्री कॅमेरा पडून आहे, रोल कोण शोधत बसेल. घड्याळाचं काम मी बंदच केलं, एचएमटीच्या नावाखाली डायल नव्यानं रंगवून, लाल-निळे करून विकतात, आणि घेणाऱ्याला वाटतं कारखान्यातूनच असं आलं. मी स्पष्ट लिहायची, डायल रंगवलेला आहे, तर गिऱ्हाईक शेजारच्या खोटं बोलणाऱ्याकडे जायचं. ग्रामोफोनचं तर बोलूच नको, नवा पितळी कर्णा लावून शंभर वर्षांचा म्हणून विकतात, आणि खरंच शंभर वर्षांच्या वर असेल तर पुरातन वस्तूंच्या १९७२ च्या कायद्यानं देशाबाहेर पाठवता येत नाही हे त्यांच्या गावीही नसतं.

तुझं काय? सईची दहावी ना यंदा? नवीन सोसायटीत पाणी येतं का? तुझ्या साहेबांची बदली झाली की टळली, ते कळव. मारबतच्या मिरवणुकीला ये म्हटलं होतं, आली नाहीस, आता दिवाळीत तरी ये.

आणि शुभे, काम एकच आहे. काकू माझं ऐकत नाहीत पण तुझं ऐकतात, सरांच्या लाडकीचं. तू फोन कर त्यांना. कमिशनचं काढू नको, त्या मुलाबद्दल सांग, त्यानं 'ण'बद्दल विचारलं ते सांग, वाचनालयात राहील, रोज वापरली जाईल असं सांग. बंगळुरूच्या बाईला मी सोमवारपर्यंत थांबवलंय, त्यापुढे थांबवता येणार नाही. संध्याकाळी सात ते आठ त्यांची सिरियल असते तेव्हा करू नको, आठनंतर कर. नंबर बदललाय त्यांचा, वेगळा पाठवते.

तुझी,
मंदा