रविवारची मीटिंग, प्लीज वाचा!!
मैत्रिणींनो परत एकदा आठवण, रविवारी सकाळी १० ला गंगापूर रोडला नेहमीच्या ऑफिसातच भेटतोय. मागच्या वेळी ११ जणी येते म्हणाल्या आणि आल्या ४, तसं नको.

मुख्य विषय, बांधकामाच्या साइटवर निर्णय कोण घेतं. ड्रॉइंग आपण करायचं आणि स्लॅबच्या दिवशी काँट्रॅक्टर विचारणार "साहेब कुठेत?", मला परवाच पाथर्डी फाट्याच्या साइटवर विचारलं, साहेब मीच आहे म्हटलं तर हसला मेला.

शकुंतला भगत १९५३ ला मुंबईच्या व्हीजेटीआय कॉलेजमधून सिव्हिल इंजिनियर झाल्या, पुढे पूल डिझाइन केले, म्हणजे बाई इंजिनियर असणं काही आजचं नवीन नाहीये.

दुसरं म्हणजे बिगारी बायकांचं. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात ५० पेक्षा जास्त बायका असतील तिथे पाळणाघर लागायचंच, पण लहान साइटवर तेवढ्या नसतातच, मग पोरं वाळूच्या ढिगावर. निदान टॉयलेट तरी एस्टिमेटमध्येच धरायचं का, ते ठरवू. आता २०२७ च्या सिंहस्थाची कामं चालूयेत, तिथे कोणी असेल तर अनुभव सांगा.

येणार असाल तर आज रात्रीपर्यंत टाका, नाश्त्याला मिसळ सांगायचीये. ज्युनियर पोरींना पण आणा.