सगळ्या अ‍ॅप्रेंटिसना एकच वर्ग कशाला?

मा. संपादक,
स. न.

३० किंवा त्याहून जास्त माणसे कामाला असलेल्या कारखान्यांना कायद्याप्रमाणे २.५ ते १५ टक्के अ‍ॅप्रेंटिस घ्यावेच लागतात. ते घेतले जातातही. पण आयटीआयचा टर्नर (लेथवर धातू कातणारा), डिप्लोमावाला आणि बारावी झालेला मुलगा यांना बऱ्याचदा एकाच खोलीत बसवून तीच स्लाइड दाखवतात. टर्नरचा हात लेथवर बसलेला असतो, तो बिचकतो इंग्रजी स्क्रीनला. डिप्लोमावाला ड्रॉइंग घडाघडा वाचतो, पण जॉब (कातायचा तुकडा) चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, कधी धरलेला नसतो.

त्यापेक्षा पहिल्याच दिवशी प्रत्येकाला तयार शाफ्ट (गोल दांडा), ड्रॉइंग, व्हर्निअर आणि मायक्रोमीटर द्यावा. व्यास २० एच७ (शाफ्टचा लहान h), म्हणजे १९.९७९ ते २०.००० मिमी. २१ मायक्रॉनचा (०.०२१ मिमीचा) हा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारी तफावत, जो ०.०२ लीस्ट काउंटच्या (२० मायक्रॉनहून बारीक न मोजणाऱ्या) व्हर्निअरने तपासू पाहतो, त्याला आधी मोजमाप शिकवायचे. त्याला प्रोग्रॅमच्या वर्गात बसवून उपयोग नाही.

मग सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) लेथवर वेअर ऑफसेट, म्हणजे कापणारे टूल झिजल्यावर करायची मापाची दुरुस्ती, भरायला सांगावे. माप २०.०३५ आले आहे, १९.९९० हवे. एक्समध्ये (व्यासाच्या रकान्यात) उणे ०.०४५ भरून ‘प्लस इनपुट’ दाबायचे, म्हणजे ते जुन्या आकड्यात मिळवले जाते. इथे मुले तीन तऱ्हेने चुकतात. त्रिज्येचा विचार करणारा निम्मेच, ०.०२२ भरतो, जॉब २०.०१३ वर अडकतो. दुसरा चिन्ह चुकवतो आणि जॉब २०.०८० होतो. तिसरा नुसते ‘इनपुट’ दाबतो: आधी भरलेली उणे ०.१२० पुसली जाऊन उणे ०.०४५ उरते आणि पुढचा जॉब २०.११० चा निघतो. पहिल्याला व्यास आणि त्रिज्या कागदावर काढून दाखवावी. दुसऱ्याला विचारावे, टूल जॉबकडे न्यायचे की लांब? तिसऱ्याला फक्त त्या दोन बटणांचा फरक पाच मिनिटांत समजतो. तिघांना मिळून पुन्हा अख्खा धडा म्हणजे तिघांचाही वेळ फुकट.

प्रोग्रॅमचे काम मात्र सेटर (मशिन लावून देणारा कारागीर) शेजारी असल्याशिवाय देऊ नये. फानुक कंपनीच्या बऱ्याच कंट्रोलवर एक्स२० (व्यास २० मिमी) पुढे दशांश चिन्ह द्यायचे राहून गेले, तर मशिन ते २० मायक्रॉन समजते आणि टूल थेट सेंटरकडे धावते. म्हणून सुरुवातीला रॅपिड (टूलची न कापतानाची वेगवान चाल) २५ टक्क्यांवर, सिंगल ब्लॉक (एका वेळी प्रोग्रॅमची एकच ओळ) चालू.

‘वेळ कुठे आहे?’ असे सुपरवायझर म्हणतात. ही चाचणी माणशी चाळीस मिनिटांची. टरेट (टूल धरणारे फिरते डोके) धडकून त्याचे अलाइनमेंट गेले की मशिन किती दिवस उभे राहते, ते त्यांनाच विचारा.

नोंदवहीत ‘प्रशिक्षण पूर्ण’ हा शिक्का नको. प्रत्येक कामापुढे तीन रकाने ठेवा: बघितले, सोबत केले, एकट्याने केले. सलग दहा जॉब टॉलरन्समध्ये आले, की तिसऱ्या रकान्यात सेटरने सही करावी, एचआरने नव्हे.

आपले,
मशीन शॉपमधील काही प्रशिक्षक