उमेदवाराने 2022 चं पण सांगावं

लेस्टरच्या एका रेस्टॉरंट मालकांना कॉन्झर्वेटिव्ह पक्षाकडून ब्रिटनच्या पार्लमेंटसाठी का उभं राहायचंय, ही तुमच्याकडची मुलाखत वाचली. धंदा करणारा माणूस संसदेत जावा हे मला मनापासून पटतं, कारण महिन्याचे पगार वेळेवर देताना काय होतं ते त्यालाच माहीत असतं. एप्रिल 2025 पासून मालकांचा नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे कामगारांच्या पगारावर मालकाने सरकारला भरायची रक्कम, 13.8 वरून 15 टक्के झाला आणि तो आता वर्षाला 9,100 ऐवजी 5,000 पाउंडांच्या वरच्या पगारावर लागतो, त्यामुळे कमी पगाराची किंवा पार्टटाइम माणसं ठेवणाऱ्या छोट्या हॉटेलांना जास्त चटका बसतो, हा त्यांचा राग खराच आहे. पण ही वाढ करणाऱ्या लेबर पक्षाच्या सरकारला दोष देताना ते एक गोष्ट बोललेच नाहीत. एप्रिल 2022 मध्ये त्यांच्याच पक्षाच्या सरकारने हाच दर 15.05 टक्क्यांवर नेला होता आणि नोव्हेंबरमध्ये परत खाली आणला. मग उद्या पक्षाने पुन्हा तसंच ठरवलं तर हे साहेब सभागृहात विरोधात मत देणार का? माझं मत कुणाला जाईल ते या उत्तरावर ठरेल, तेवढं त्यांना विचारून छापा.

– एक वाचक, लेस्टर